अरियलूरचा शाळिग्राम

१

सरकारी नोकरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला दोन गोष्टी उत्तम जमतात: थांबणं आणि दुसऱ्याला थांबवून ठेवणं. जीवाश्म गोळा करायला त्यातली पहिली पुरते. रोज सकाळी चहा झाला की मी मधल्या खोलीतल्या कपाटाचा एक खण बाहेर ओढतो, त्यातले अमोनाइट मऊ ब्रशने झाडतो आणि परत ठेवतो. ते कोट्यवधी वर्षं थांबलेले आहेत, त्यामुळे आमचं बरं जमतं.

अमोनाइट म्हणजे समुद्रातला एक शंखवाला प्राणी. माखली, ऑक्टोपस यांचा दूरचा नातेवाईक. डायनासोर संपले त्याच सुमारास हेही संपले. नाशिकच्या काळ्या दगडात ते मिळत नाहीत, कारण आमचा दगड ज्वालामुखीचा. त्यात स्फटिक निघतात, प्राणी नाही. म्हणून मी निफाडच्या हर्षलवर अवलंबून आहे. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. बागेत विहीर खणताना स्फटिक निघाले, ते याने विकले, आणि तेव्हापासून बाग वडिलांकडेच राहिली. आमच्याकडचे स्फटिक देऊन तो कुठून कुठून जीवाश्म आणतो.

सरळमार्गी, गोल वेटोळं घालणारे अमोनाइट मला आवडत नाहीत. पण ज्या युगाला भूशास्त्राने खडूवरून नाव दिलं, त्या युगाच्या समुद्रांत काही अमोनाइटांनी वेटोळं सोडून दिलं. कुणी काठीसारखे सरळ झाले, कुणी पेपरक्लिपसारखे दुमडले, कुणी नुसतीच गाठ मारून बसले. जुने शास्त्रज्ञ याला ऱ्हास म्हणायचे. म्हणजे वरिष्ठांनी गोपनीय अहवालात वाईट शेरा मारलेले. मला ते आपल्यातले वाटतात.

दिवाळीनंतर हर्षलने तसाच एक आणला. तमिळनाडूतल्या अरियलूरकडच्या चुनखडीच्या खाणीतला. मुठीएवढा, सुरुवातीला छोटं वेटोळं, मग लांब सरळ दांडा. तोंडाशी राखाडी गाळ भरलेला आणि त्याचाही दगड झालेला.

“यात राहायचं कोण?” सुवर्णाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

विचारलं की मी थांबत नाही. “प्राणी फक्त सगळ्यात पुढच्या खोलीत राहतो. वाढला की थोडा पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. मागच्या सगळ्या खोल्या बंद.”

“आपल्यासारखंच की,” ती म्हणाली.

ते खरं होतं. आमचं घर मागून पुढे वाढलं. लग्न झालं तेव्हा प्लॉटच्या टोकाला एकच खोली होती. मग तिच्यापुढे मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग हॉल, मग व्हरांडा. आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. पुढे अंगण आणि फाटक. संडास-बाथरूम अंगणाच्या कडेला.

“आणि ऐक,” मी म्हणालो, “तुझ्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आहे ना, गंडकीतला, तोही अमोनाइटच. पुस्तकात आहे.”

मला वाटलं, चिडेल. तिने दगड हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

“मग हाही शाळिग्रामच झाला,” ती म्हणाली.

“झालाच तर,” मी हसत म्हणालो. वादात जिंकल्यावर माणूस बेसावध असतो.

२

दुसऱ्या दिवशी खण उघडला तर दगड जाग्यावर नाही. तो देव्हाऱ्यात होता. जुन्या शाळिग्रामाशेजारी, तांब्याच्या ताम्हनात, डोक्यावर तुळशीचं पान.

“अगं, हा संग्रहातला आहे.”

“तुम्हीच म्हणालात, हाही तोच. मग खणात कोंडून ठेवतात का? त्याला रोज स्नान लागतं. कोरडा ठेवत नाहीत.”

“मग प्राणप्रतिष्ठा कोण करणार? भटजींना काय सांगणार, अरियलूर?”

“शाळिग्रामाला प्रतिष्ठा लागत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “तो आधीच जिवंत असतो.”

मी देव फारसा मानत नाही, पण तीर्थाला नाही म्हणत नाही. घरात शांतता राहते. त्या दिवशी पळीभर तीर्थ जिभेवर आलं आणि मी चूळ भरायला धावलो. खारट. चिमूटभर मीठ पडल्यासारखं नाही. चांगलं कडू-खारट.

फुलपुडी द्यायला सिंधुबाई आल्या. मखमलाबादला त्यांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, मेथी. येताना आणि जाताना त्यांचं तोंड आणि मोपेड एकदमच सुरू होतात. त्यांनी तीर्थ घेतलं आणि डोळे मिटले.

“वहिनी, मीठ सांडलं का वं?”

“नाही हो.”

“लय खारट हाय. भाऊसाहेब, तुमची बोअर कुठं लागलीय, समुद्राला का?”

“फिल्टर खराब झालाय,” मी म्हणालो.

फिल्टर बदलला. माणूस बोलावून पाण्याची तपासणी केली. पाणी चांगलं निघालं. नळाचं पाणी गोड, हंड्यातलं गोड, ताम्हनातलं खारट. तांब्याचा काही परिणाम असेल, असं मी ठरवलं. स्टीलचं ताम्हन आणलं. तेही खारट.

“मला तर गोड लागतं,” सुवर्णा म्हणाली. ती आता पळीने घेत नव्हती. वाटीने घेत होती.

३

मागची खोली आमची झोपायची. एके दिवशी बाहेरून आलो तर सुवर्णाने दोघांच्या गाद्या मधल्या खोलीत आणलेल्या होत्या.

“मागे कशाला जायचं आता?” ती म्हणाली.

“पाल बिल दिसली का?”

“नाही. मोठी झाली ना ती खोली.”

दोन माणसांना घर मोठं पडतं, हे मला पटलं. निवृत्तीनंतर पटायला फारसं काही लागत नाही. चार-पाच दिवसांनी माझी लोकरी टोपी मागच्या खोलीत राहिली म्हणून मी दाराची कडी काढली. दार हललं नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे थंडीचे दिवस होते. नाशिकची कोरडी थंडी, ओठ फुटणारी. अशा दिवसांत दारं उलट सैल होतात. मी खांदा लावला. दाराने जरासुद्धा आवाज केला नाही. एखाद्या भिंतीला धक्का द्यावा तसं वाटलं.

मी कान लावला. आत पाणी होतं.

नळ गळतोय असा आवाज नव्हता. भरलेल्या टाकीला बाहेरून हात लावला की जे जाणवतं, तसं काहीतरी. जड. मध्येच एखादा बुडबुडा.

“आत पाइप फुटलाय,” मी ओरडलो. “प्लंबरला बोलवतो.”

“नको,” सुवर्णा स्वयंपाकघरातून म्हणाली. “ओसरेल.”

आणि ओसरलं. आवाज हळूहळू कमी झाला आणि मग मागच्या खोलीतून काहीच येईना. दारावर टिचकी मारली तर वाळलेल्या भोपळ्यासारखा पोकळ आवाज यायचा. प्लंबरला बोलावलं नाही याचं मला समाधान वाटलं. हे समाधान मी खोटं का म्हणत नाही, तर ते खरोखरच वाटलं होतं.

४

मधली खोली बंद झाली तेव्हा मी भांडलो. माझं कपाट तिथे होतं.

“तुमचे दगड सुखरूप आहेत,” सुवर्णा म्हणाली. “त्यांना सवय आहे.”

आम्ही हॉलमध्ये झोपायला लागलो. तिची तब्येत उत्तम होती, हे मला सांगितलंच पाहिजे. गुडघे दुखणं थांबलं होतं. चेहरा तुकतुकीत झाला होता. फक्त हात सारखे ओलसर असायचे, आणि ती मागे वळून पाहत नसे. मागून हाक मारली तर “काय?” म्हणायची, पण वळायची नाही.

घराच्या उजव्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि मधे जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ आहे. मागच्या खोलीची खिडकी तिथे उघडते. एका दुपारी लख्ख उन्हात मी तिथे गेलो. बोगनवेलीचे काटे लागले. खिडकीच्या काचेवर आतून मिठाची खपली होती. एका कोपऱ्यात ती पातळ होती, तिथे डोळा लावला.

खोली होती तशीच होती. पलंग, कॅलेंडर, माझी टोपी. फक्त मधल्या खोलीत जाणारं दार जिथे असायला हवं तिथे नव्हतं. तिथे काहीतरी पांढरं, चकचकीत, किंचित आत गेलेलं होतं. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं. उन्हाची तिरीप त्यावर पडून गुलाबी-हिरवी चमक येत होती. आणि जिथे ते भिंतीला मिळत होतं तिथे कड सरळ नव्हती. कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली, वळणावळणाची होती.

ती कड मला ओळखता येते. रोज सकाळी मी ती भिंगातून बघत आलोय. प्रत्येक अमोनाइटच्या बंद खोलीची भिंत अशीच मिळते.

मी बोळीतून बाहेर आलो, अंगणातल्या नळावर तोंड धुतलं आणि स्वतःला सांगितलं की बुरशी आहे. मग मुलीला फोन केला.

“सृष्टी, आईला चार दिवस घेऊन जा तुझ्याकडे.”

सृष्टी पिंपळगाव बसवंतला असते. तिच्या नवऱ्याचं कोल्ड स्टोरेज आहे.

“का, भांडलात का पप्पा?”

“नाही गं. तिला बदल हवाय.”

“तिला की तुम्हाला? हे द्राक्षाचे दिवस आहेत, इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. रविवारी येते.”

बायकोला या घरातून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. बाहेर पडली की सगळं सुटेल. कसं, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

५

रविवारच्या आधी स्वयंपाकघर गेलं. सुवर्णाने शेगडी, सिलिंडर आणि देव्हारा हॉलमध्ये आणला. फोडणी टीव्हीखाली बसायला लागली.

ती अंगणात आंघोळीला गेली तेव्हा मी अरियलूरचा दगड ताम्हनातून उचलला आणि स्कूटर काढली. हात लागताच चुकल्यासारखं वाटलं: दगड फार हलका होता.

हर्षलने तो निफाडच्या आपल्या गोडाउनच्या दारात उजेडात धरला.

“काका, हा तोच का?”

“तोच.”

“तोंडाशी गाळ होता ना? मी स्वतः गुंडाळलाय हा.”

“रोज धुतेय ती. गेला असेल धुऊन.”

“दगड झालेला गाळ? काका, पाण्याने दगड स्वच्छ होतो. निघून नाही जात.” त्याने मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि एक डोळा मिटून बघितलं. “आतून पार साफ आहे. कुणी खोली सोडून गेल्यासारखं. घरमालकाने डिपॉझिट अख्खं परत द्यावं असं.”

तो हसला. मीही हसलो. दगड मी त्याच्याकडेच टाकला आणि परत येताना कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

घरी देव्हाऱ्यात एकटा जुना शाळिग्राम होता. सुवर्णाने मी कुठे गेलो होतो हे विचारलं नाही. माझ्या हातावर तीर्थ दिलं. खारट.

“तो दगड मी परत दिला,” मी म्हणालो.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “रिकामा उगाच कशाला सांभाळायचा?”

६

शनिवारी दुपारी सुवर्णा व्हरांड्यात बसून सिंधुबाईंशी बोलत होती. मी हॉलमध्ये होतो. मधे जाड पडदा. सिंधुबाई सुनेचं सांगत होत्या.

“तिला म्हटलं, बाई, मोबाइलमध्ये बघून मेथी निवडता येत नाय. तर म्हणती, आत्या, व्हिडिओ हाय त्याचा!”

सुवर्णा मनापासून हसली. ते हसू ऐकून मला वाटलं, सगळे माझे रिकामपणाचे खेळ आहेत.

तेव्हा मला ती वायर दिसली. स्वयंपाकघराच्या बंद दाराच्या फटीतून निघून, भिंतीच्या कडेकडेने, पडद्याखालून व्हरांड्यात गेलेली. करंगळीएवढी जाड, फिकट. इंटरनेटवाल्याने नवी टाकली असेल, असं म्हणत मी तिच्यावर पाय ठेवला. सहज, सरकवायला.

ती मऊ होती. चपलेच्या तळातूनसुद्धा कळलं. आणि तिच्यातून काहीतरी हळूहळू वाहत होतं.

बाहेरचं बोलणं थांबलं.

“अहो,” पडद्यापलीकडून सुवर्णा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “पाय काढा.”

मी पाय काढला.

“काय झालं वं वहिनी?” सिंधुबाईंनी विचारलं.

“काही नाही. त्यांचा पाय पडला.”

अमोनाइटबद्दल एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. सांगायची राहून गेली होती. मागच्या खोल्या तो बंद करतो, पण सोडत नाही. स्वतःच्या जिवंत शरीराचा एक बारीक दोरा तो प्रत्येक भिंतीतून मागे, अगदी पहिल्या खोलीपर्यंत ठेवतो. नव्या बंद केलेल्या खोलीतलं पाणी त्या दोऱ्याने हळूहळू शोषून घेतो. खोली रिकामी होते, हलकी होते. म्हणून तो एवढं घर घेऊन बुडत नाही.

हे तिला कुठून कळलं असेल, असा विचार मी खूप केला. मग एवढंच उरलं की तिला कळलेलं नव्हतं. ते तिला येत होतं. लहान मुलाला गिळता येतं, तसं.

७

रविवारी सृष्टी गाडी घेऊन आली. हॉलमधली शेगडी बघून तिने कपाळावर हात मारला.

“पप्पा, हे काय चाललंय? घराची धर्मशाळा केलीय!”

“आईला घेऊन जा,” मी म्हणालो. “आधी घेऊन जा, मग बोल.”

सुवर्णाने हट्ट केला नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. तिने नवी साडी नेसली, केसात शेवंती घातली. “येते की,” म्हणाली. “नातवंडं बघून किती दिवस झाले.” सृष्टी बॅग घेऊन पुढे गेली आणि गाडीची डिकी उघडून त्यात द्राक्षांच्या पेट्या सरकवत बसली. सुवर्णा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. अंगणातून चालत निघाली. छान, ताठ, गुडघे न दुखणाऱ्या बाईसारखी.

मी हॉलच्या दारात उभा होतो. माझ्या पायाशी तो दोरा सरकत होता. आधी वळसे सुटले. मग तो सरळ झाला. मग फरशीवरून उचलला गेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ झाला. त्यावरून पाण्याचे थेंब गळायला लागले.

माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार करकरलं. त्याच्यामागे मधल्या खोलीचं. मग कुठेतरी खूप आत, पहिल्या खोलीचं.

सुवर्णा फाटकाशी थांबली. एक हात फाटकावर. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच ती मागे वळली. मुलीला दिसू नये म्हणून चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलं होतं, पण ओठांचा रंग गेला होता आणि पोट आत ओढलं गेलं होतं, कुणी पाठीमागून मूठ आवळल्यासारखं. ती मला वाचवा म्हणत नव्हती. मी काय करतो, ते बघत होती. एक पाऊल पुढे, की संपलं. ती टाकणार होती. मी पाठवतोय म्हणून टाकणार होती.

“राहू दे, सृष्टी,” मी ओरडलो.

सृष्टीने डिकीतून डोकं काढलं. “काय?”

“आज राहू दे. तिला बरं वाटत नाही.”

“पप्पा, तुम्हीच फोन केला ना? आई, तू सांग. येतेस की नाही?”

“हे म्हणतात तर राहू दे,” सुवर्णा म्हणाली, आणि एक पाऊल मागे आली. माझ्या पायाशी दोरा सैल पडला.

सृष्टी पेटी अंगणात आदळून गेली. “तुमच्या दोघांच्या नाटकात यापुढे मला ओढू नका,” असं म्हणाली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघं हात हलवत होतो.

मग सुवर्णा व्हरांड्यात येऊन बसली. मी शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. तो थंड आणि ओला होता, पण हात तिचाच होता. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग ओळखीचा.

“दुखलं का गं?”

“थोडं,” ती म्हणाली. “तुम्ही राहू दे म्हणालात, मग सैल झालं.”

ऊन फाटकापर्यंत सरकलं. जरा वेळाने ती म्हणाली, “हॉलचं दार ओढून घ्यायचंय आता. तुम्हाला आतलं काही हवं असेल तर बघा.” ती फाटकाकडेच बघत होती. “किंवा आत थांबायचं असेल, तरी मी रागावणार नाही.”

मी आत गेलो. गाद्या बाहेर आणल्या, शेगडी आणली, देव्हारा आणला, रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. टीव्हीकडे बघितलं आणि राहू दिला. बाहेर आल्यावर तिने माझ्यामागे दार लावलं. आत पाणी भरायला लागल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

व्हरांडा लहान आहे. फार दिवस पुरणार नाही. आज सकाळी मी गोटीराम गवंड्याला बोलावलं. हॉल त्यानेच बांधला होता. त्याने टेपने अंगण मोजलं आणि मग बंद दाराकडे, आणि माझ्याकडे बघितलं.

“भाऊसाहेब, मागं एवढ्या खोल्या रिकाम्या हायेत. दोन माणसांना अजून किती लागत्यात?”

“एकच,” मी म्हणालो. “पुढची.”